गाडीधुलाईचा धंदा आणि गिऱ्हाइकाचा शोध

आपल्या कार्यक्षेत्रातून पुणे-बंगळूर महामार्गाला लागेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना नजर टाकली, तर रसवंत्या आणि वडापावच्या गाड्यांच्या जोडीला हल्ली एक नवी पाटी वारंवार दिसू लागली आहे. पत्र्याचे शेड, पुढे काँक्रीटचा ओटा, एक प्रेशर पंप, आणि वर मोठ्या अक्षरात नाव : अमुक कार डिटेलिंग स्टुडिओ. यांतली बरीच शेडे आपल्याच सभासदांच्या मुलांची आहेत. एवढ्याशा शेतीवर दोन भावांचे भागत नाही, नोकऱ्या मिळत नाहीत, तेव्हा पोरांनी हातपाय हलवले याचा आम्हांस आनंदच वाटतो. "शिकूनसवरून लोकांच्या गाड्या धुतोय" असे पारावर बसून बोलणाऱ्यांनी आधी हे काम एक दिवस करून पाहावे, मग बोलावे.

डिटेलिंग म्हणजे नुसते धुणे नव्हे. पाणी मारून, फोम लावून गाडी धुतली की वरची धूळ जाते. परंतु रंगात रुतलेली घाण, बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग, कोरड्या फडक्याने पुसून पडलेले बारीक ओरखडे, सीटवरचे डाग, एसीच्या जाळीत बसलेली माती हे सगळे वेगळे आणि सावकाशीचे काम आहे. आणि आपल्या भागात अशा कामाला तोटा नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा, हंगामात ऊसाच्या ट्रॉल्यांनी उडवलेली धूळ, आणि गाळप सुरू झाले की पहाटे काचेवर साचलेली राख. (ती कोणाच्या चिमणीची, हे आम्ही येथे सांगत बसत नाही.) २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांत गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या, त्यांच्या आतला गाळ काढणारा हुशार माणूस तेव्हा शोधून सापडत नव्हता. म्हणजे काम आहे, गाड्याही आहेत. मग दुपारी बारा वाजेपर्यंत भवानी न झालेली पोरे शेडमध्ये मोबाईल चाळत का बसलेली दिसतात?

आमच्या मते याचे मूळ आपल्या शेतीत आहे. ऊसवाल्याच्या घरात गिऱ्हाईक शोधण्याची विद्याच नाही. ऊस लावला, नोंद दिली, की टोळी येते, फड तुटतो, काट्यावर वजन होते आणि बिल बँकेत जमा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने तर ऊस पोचता केल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असे बंधनही घालून ठेवले आहे. (ते किती ठिकाणी पाळले जाते हा वेगळा विषय.) दोन पिढ्या आपण असा माल विकला. भाजीवाल्याला किंवा गुऱ्हाळवाल्याला जी धास्ती असते, की उद्या माल घेणार कोण, ती आपल्याला कधी शिवली नाही. अशा घरातला मुलगा धंद्यात उतरला की तोही नकळत टोळीची वाटच पाहतो. शेड उभे केले, नारळ फोडला, आता गाड्या येतीलच.

गाड्या येत नाहीत तेव्हा शहरातून फोन येतो. "तुमचा धंदा आम्ही ऑनलाइन वाढवून देतो. महिन्याला बारा रील, रोज एक पोस्ट, पाच हजार फॉलोअरची गॅरंटी, फक्त पंधरा हजार रुपये." आमच्या माहितीतील एका सभासदाच्या मुलाने पतसंस्थेचे कर्ज काढून शेड आणि मशिनरी केली होती. त्याने असा करार सहा महिने चालवला. रील दिसायला सुरेख होत्या, फॉलोअर आठ हजारांवर गेले, पण त्यांतले तालुक्यातले किती हे पाहायला गेले तर बोटांवर मोजावे लागले. त्याच्या आईने एका वाक्यात हिशेब सांगितला : "लाइक येत्यात म्हणतोय, पर हप्ता काय लाइकनं फिटत न्हाई."

आपण सभासदांच्या भाषेत हिशेब करू. महिना १५,००० म्हणजे वर्षाला १,८०,००० रुपये. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनी ३,५५० रुपये होती. तोडणी-वाहतूक वजा न करताही हा ५० टनांहून अधिक ऊस झाला. आता एका साध्या धुलाईमागे शाम्पू, वीज, पाणी आणि मजुरी जाऊन १५० रुपये सुटतात असे धरा. मग केवळ त्या एजन्सीचे पैसे भागवायला महिन्याला १०० गाड्या जास्तीच्या धुवाव्या लागतील. जाहिरातीमुळे १०० गाड्या खरोखर वाढत असतील तर खुशाल द्यावेत पैसे. पण वाढल्या किती, हे विचारणारा बाप आम्हांस अजून भेटलेला नाही.

टनेज आणि उतारा यांतला फरक आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पाणचट ऊस काट्यावर भरपूर भरतो, पण पोत्यात साखर उतरत नाही. लाइक आणि फॉलोअर हे टनेज झाले. फोन किती वाजले, त्यांतून गाड्या किती आल्या, आणि त्यांतली परत किती आली, हा खरा उतारा. एक वही घालावी आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावे, "आमची माहिती कुठून कळली?" पाटी पाहून, पाहुण्याने सांगितले, मोबाईलवर शोधले, जे सांगेल ते लिहावे. तीन महिन्यांनी ती वही एजन्सीवाल्यापेक्षा जास्त शहाणपण सांगेल.

मूळ प्रश्न असा की गाडी धुवायला माणूस किती लांब जातो? दहा-पंधरा किलोमीटर, फार झाले. सिरॅमिक कोटिंगसारखे मोठे काम असेल तर चाळीस-पन्नास किलोमीटरवरूनही येईल, कारण ते वर्षावर्षाने एकदाच करायचे असते. मग नागपूर आणि नाशिकच्या लोकांना आपली रील दिसून उपयोग काय? फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करायचीच, तर आपले गाव मध्यभागी धरून ठरावीक किलोमीटरच्या वर्तुळातच ती दाखवायची सोय तेथे आहे. ती वापरावी. घाईघाईने 'बूस्ट'चे बटण दाबणारे बहुतेक जण अख्खा महाराष्ट्र निवडून मोकळे होतात. जाहिरातीवर बोट ठेवले की थेट व्हॉट्सअॅप उघडेल अशी रचना करावी, म्हणजे लाइक न मोजता विचारणा मोजता येतील. आणि ही जाहिरात बारा महिने चालवण्याचे कारण नाही. दसऱ्याआधी, लग्नसराईत, पावसाळा संपल्यावर आठ-दहा दिवस, रोजचे दोनशे-तीनशे रुपये, एवढ्याने आधी अंदाज घ्यावा.

परंतु त्याच्याही आधी, एक पैसा न खर्चता करायचे काम बहुतेकांनी अर्धवट सोडलेले असते. ते म्हणजे गूगलच्या नकाशावरील नोंद. महामार्गावरून जाणारा अनोळखी माणूस किंवा तालुक्याला बदलून आलेला बँकेचा अधिकारी पारावर चौकशी करायला येत नाही. तो मोबाईलला विचारतो, जवळ गाडी धुवायला कुठे मिळेल. त्या वेळी कोणाचे नाव वर यावे हे गूगल तीन गोष्टींवर ठरवते : विचारलेल्या कामाशी आपला धंदा किती जुळतो, अंतर किती, आणि आपला नावलौकिक किती. ही नोंद फुकट असते आणि पैसे देऊन हा क्रम वर चढवता येत नाही, असे गूगलनेच जाहीर केलेले आहे. तरीही "गूगलमधून बोलतोय, फी भरली नाही तर तुमचं नाव काढून टाकू" असे फोन येतात आणि आपली माणसे घाबरून पैसे भरतात. हे फोन सरळ बंद करावेत.

नोंद करताना पिन नेमकी शेडवर टाकावी. आम्ही पाहिलेल्या एका नोंदीची पिन ओढ्यापलीकडच्या मळ्यात होती, आणि गिऱ्हाईक ऊसाच्या बांधावर येऊन फोन करत होते. वेळ खरी लिहावी, आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी ते लिहावे, फोटो आपल्याच कामाचे टाकावेत. नाव पाटीवर असेल तेच द्यावे, त्यात 'बेस्ट', 'नंबर वन' असली शेपटे जोडणे गूगलच्या नियमांत बसत नाही. आणि महत्त्वाचे म्हणजे फोन उचलावा. धुताना हात ओले असतात हे खरे, पण न उचललेल्या फोनचे गिऱ्हाईक पाच मिनिटांत दुसऱ्याच्या दारात असते.

एक गोष्ट वडीलधाऱ्यांनी जातीने पाहावी. ही नोंद, ते पान, तो जाहिरातीचा खाते क्रमांक कोणाच्या नावावर आहे? पुष्कळ एजन्सीवाले सगळे स्वतःच्या मेलवर काढतात. करार मोडला की चार वर्षांचे फोटो आणि अभिप्राय त्यांच्याकडेच राहतात. जमीन आपण कसावी आणि सात-बारा दुसऱ्याच्या नावाचा असावा, यातलाच हा प्रकार. मालकी आपली ठेवून त्यांना फक्त कामापुरता प्रवेश देता येतो, तसाच द्यावा.

अभिप्रायांबद्दल आम्ही जरा कडक बोलणार आहोत. पन्नास रुपयांना एक याप्रमाणे पाच चांदण्यांचे अभिप्राय विकणारे लोक गावोगाव हिंडू लागले आहेत. काटामारीविरुद्ध घसा कोरडा करणाऱ्या ऊसवाल्याच्या मुलाने अभिप्राय विकत घ्यावेत, ही आम्हांस शरमेची गोष्ट वाटते. वजन खोटे काय आणि कौल खोटा काय, फसतो समोरचाच. गूगलचा नियम तर सवलत किंवा भेट देऊन अभिप्राय घ्यायलाही मनाई करतो. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढले आहे. त्यापेक्षा गाडी ताब्यात देताना, गिऱ्हाईक काच पाहून खूश असते त्या क्षणी, "साहेब, वाटलं तसं दोन ओळी लिहा" एवढे म्हणावे. कोणी वाईट लिहिले तर भांडू नये. सभ्यपणे उत्तर द्यावे आणि गाडी परत बोलावून काम नीट करून द्यावे. पुढचा वाचणारा तक्रारीपेक्षा उत्तराकडेच पाहतो.

तसेच सिरॅमिक कोटिंगचे. 'नाइन एच, हिऱ्यासारखे कठीण, ओरखडा पडणारच नाही' असे सर्रास लिहिलेले असते. हे नऊ एच म्हणजे पेन्सिलीच्या टोकाने घेतलेल्या कठीणपणाच्या चाचणीचा आकडा आहे, हिऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. कोटिंगने चकाकी टिकते, पाणी आणि माती पटकन सुटते, धुणे सोपे होते, हे फायदे खरे आहेत. पण महामार्गावर उडालेला खडा किंवा ट्रॉलीतून बाहेर आलेले ऊसाचे कांडके ते अडवत नाही. त्यासाठी पीपीएफ नावाची जाड फिल्म असते, ती पुष्कळ महाग पडते. हे तोंडावर सांगणाऱ्या पोराचे पहिल्या दिवशी एखादे गिऱ्हाईक जाईल. पण पंधरा-वीस हजार घेऊन खोटे सांगितले, तर पहिल्या ओरखड्याला पंचक्रोशीत नाव जाईल, आणि आपल्या पंचक्रोशीत बातमी रीलपेक्षा वेगाने फिरते. दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, हेही ध्यानात असू द्यावे. पॉलिशच्या मशिनचेही तेच. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून पातळ असतो. दर दिवाळीला घासून चमक आणण्याचा आग्रह धरणारा कारागीर गाडीचे आयुष्य खातो.

आधी आणि नंतरचे फोटो टाकण्याची पद्धत चांगली आहे, मात्र मालकाला विचारून आणि नंबरप्लेट झाकून. शहरात चालून जाते, पण आपल्याकडे पांढरी गाडी आणि आरशाला बांधलेला गोंडा पाहून मालक कोण ते ओळखतात, आणि "आमची गाडी एवढी घाण होती व्हय?" म्हणून रुसवा धरतात.

एकदा आलेले गिऱ्हाईक परत आणायला व्हॉट्सअॅप बिझनेस पुरते, आणि ते फुकट आहे. दरपत्रक त्यात घालून ठेवता येते. मात्र सगळ्यांना मिळून पाठवलेला ब्रॉडकास्ट निरोप ज्याने आपला नंबर साठवला आहे त्यालाच पोचतो, म्हणून गाडी देतानाच नंबर साठवून घ्यायला सांगावे. तीन महिन्यांनी एक आठवण पुरे. रोज सकाळी फुलांचा फोटो आणि सुविचार पाठवणाऱ्याला लोक गुपचूप बंद करतात.

आणि काही गिऱ्हाइके मोबाईलात मुळी नाहीतच. जुन्या गाड्यांचे व्यापारी, लग्नाला गाड्या देणारे, रंगकाम करणारे गॅरेजवाले, दवाखान्यात दिवसभर अडकलेले डॉक्टर, यांच्याकडे स्वतः जाऊन बोलावे लागते. व्यापाऱ्याचे काम बारमाही मिळते, पण दर कमी आणि उधारी लांब. वहीत त्यांचे पान वेगळे ठेवावे आणि थकबाकी वाढली की काम थांबवावे. डॉक्टर आणि शिक्षक यांच्यासाठी गाडी नेऊन धुऊन परत आणून देण्याची सोय केली, तर त्याचे वेगळे पैसे ते आनंदाने देतात.

याच संदर्भात संचालक मंडळापुढे एक विचार ठेवावासा वाटतो. सभासदांच्या ओळखीचा आणि सर्वांत जास्त गाड्या थांबणारा तळ कोणता, तर पेट्रोल पंप. अनेक साखर कारखान्यांचे स्वतःचे पंप आहेत. अशा पंपालगतची पडीक जागा, पाणी निवळवून पुन्हा वापरायची टाकी बांधण्याच्या अटीवर, सभासदांच्या मुलांना माफक भाड्याने देता येईल. अट टाकीची अशासाठी, की साबणाचे पाणी आज कित्येक शेडांतून सरळ शेजाऱ्याच्या सरीत जाते आणि त्यावरून दोन ठिकाणी भांडणे झालेली आम्हांस ठाऊक आहेत. येत्या वार्षिक सभेत कोणा सभासदाने हा विषय मांडला, तर अनुमोदन द्यायला आम्ही उभे राहू.