कोष्टकाची चाळ

सी भाषा शिकणारे नवखे हमखास अडखळतात ते इथे. समजा, तीन विद्यार्थ्यांचे चार विषयांतले गुण एका कोष्टकात भरले आणि ते कोष्टक ग्रेस गुण देणाऱ्या फंक्शनकडे सोपवले. फंक्शनने गुण वाढवले, की मूळ कोष्टकातलेही वाढलेले! कारण १९७२च्या सुमारास डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही भाषा फंक्शनला ॲरेची प्रत देतच नाही, पहिल्या ओळीचा पत्ता तेवढा देते.

मेमरीत हे कोष्टक चौकोनी नसते. ओळीमागून ओळ, अशी बारा खोल्यांची एकच लांब चाळ असते. दुसऱ्या ओळीचे दार गाठायला आधी चार खोल्या ओलांडायच्या. म्हणून स्तंभ ४ आहेत हे फंक्शनला सांगावेच लागते. ओळींचा कंस रिकामा चालतो. ओळी किती, हे मात्र वेगळे कळवावे. नाहीतर फंक्शन चाळीबाहेर भटकते आणि कंपायलर सहसा हूं की चूं करीत नाही.

मूळ गुण शाबूत हवेत? मग आधी दुसऱ्या कोष्टकात नक्कल करावी. बरोबरचे चिन्ह टाकून ती होत नाही. दोन फॉर लूप लावावेत, किंवा ‘मेमकॉपी’ला बाराही खोल्यांचे बाइट मोजून द्यावेत. हे माप फंक्शनच्या आत ‘साइजऑफ’ने घेऊ नये, तिथे मोजला जातो तो नुसता पत्ता.