शाळेतली खोली की बाजारपेठेतली पाटी?

मानसशास्त्रात एम. ए. आणि समुपदेशनाची पदविका घेतलेली एक मुलगी गेल्या आठवड्यात सल्ला विचारायला आली. एका शाळेने तिला समुपदेशक म्हणून बोलावले आहे. पगार बेताचाच. दुसरीकडे मामांचा बाजारपेठेतला गाळा रिकामा आहे. तिथे स्वतःचे केंद्र काढ, असा घरच्यांचा आग्रह. "सर, काय करू?"

तिला जे सांगितले तेच इथे लिहितो. प्रश्न तिच्या एकटीच्या पोटापाण्याचा नाही, गावातल्या मुलांचाही आहे.

मोठ्या शहरात पाटी लावली की माणसे शोधत येतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या 'आयपीएच' संस्थेचे नाव आज दूरवर माहीत आहे. तालुक्याच्या गावी गोष्ट निराळी. कोण कोणत्या जिन्याने वर गेले, हे इथे समोरच्या पानपट्टीवाल्यालाही ठाऊक असते. "अमक्याच्या पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणे," ही बातमी संध्याकाळी बसस्टँडवर पोहोचते. त्यामुळे मूल केंद्रात येते ते फार उशिरा, आणि तेही वडिलांनी दंडाला धरून आणलेले. वडिलांची मागणी एकच, "याला जरा अभ्यासाचं सांगा." मुलगा रात्ररात्र झोपत नाही, हे त्यांच्या लक्षातही आलेले नसते.

शाळेत मूल डोळ्यांसमोर असते. डबा न खाणारी मुलगी, अचानक मागच्या बाकावर जाऊन बसू लागलेला मुलगा मधल्या सुट्टीतही दिसतात. फी नाही, जिना नाही. ज्याच्या घरी पैसे नाहीत त्यालाही दार उघडे. म्हणून माझे मत शाळेच्या बाजूने, निदान पहिली चार-पाच वर्षे.

पण डोळे मिटून नव्हे. पुष्कळ शाळांत समुपदेशक म्हणजे मोकळा माणूस! शिक्षक रजेवर गेले की हिला वर्गावर धाडा, स्नेहसंमेलन आले की हिला कामाला लावा. त्याहून वाईट म्हणजे मुख्याध्यापकांचा प्रश्न : "काय म्हणाला तो?" मुलाने सांगितलेले एकदा शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर चघळले गेले की पुन्हा कोणतेही मूल तोंड उघडत नाही. तेव्हा दार बंद होणारी स्वतंत्र खोली आणि नोंदींच्या कपाटाची किल्ली स्वतःकडे, हे रुजू होण्याआधी लेखी घ्यावे. गुप्ततेला अपवाद आहेत. मुलाच्या जिवाला धोका असेल तर गप्प राहता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्याने बंधनकारक आहे. हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगावे, नंतर नव्हे.

आणखी एक पथ्य. शाळेतल्याच मुलाला संध्याकाळी आपल्या केंद्रात फी देऊन बोलवायचे नाही. शिकवण्यांच्या या रोगाने आपण पुरेसे पोळलो आहोत.

खासगी केंद्राला मी नावे ठेवत नाही. तासभर निवांत बोलता येते, आईवडिलांना समोर बसवता येते. नवराबायकोची भांडणे, म्हातारपणचे एकटेपण शाळेच्या खोलीत थोडेच येणार? अनुभव गाठीशी आल्यावर गाळा आहेच. मात्र दोन्हीकडे औषधाची गरज दिसली की मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे, चिठ्ठी आपण लिहायची नाही. तज्ज्ञ जवळ नसेल तर सरकारची १४४१६ ही 'टेलिमानस' दूरध्वनी सेवा आहे, ती २०२२ पासून चालू आहे.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सांगितले आहे. म्हणजे जागा निघतील. त्या कागदावरच भरल्या जातील की काय, ही धास्ती आहेच.

जाता जाता तिने विचारले, "पण सर, एवढ्या पगारात भागवायचं कसं?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते संस्थाचालकांनी द्यायचे आहे. प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी पालकांकडून वर्गणी निघतेच की!