देखाव्यामागचे हात

इंग्लंडमध्ये डर्बीशरला राहते म्हटलं की पुण्याच्या नातेवाइकांचं ठरलेलं वाक्य येतं, "मजा आहे बुवा तुमची! रोज सिनेमातलं गाव." दगडी घरं, हिरव्या टेकड्या, मेंढ्यांचे कळप, चॅट्सवर्थला ड्यूकचा भलाथोरला वाडा. फोटोत हे सगळं येतं. हा देखावा कुणी राबून घडवला, ते मात्र फोटोत येत नाही.

टेकड्यांवरच्या कुंपणभिंतीच घ्या. ना चुना, ना माती, नुसते दगड एकमेकांत बसवून रचलेल्या. ढासळली तर आजही हातानंच उभी करावी लागते. मेंढ्या चरायच्या थांबल्या, तर मोकळ्या माळांवर झुडपं माजतील. आणि शेतामधले ते गमतीदार उंचवटे-खळगे म्हणजे शिशाच्या जुन्या खाणींच्या खुणा.

या खाणींतलं पाणी बाहेर काढायला बोगदे खोदले होते. ते पाणी थंडीतही गोठत नसे. अशाच एका बोगद्याचं आणि शेजारच्या ओढ्याचं पाणी वापरून रिचर्ड आर्कराइट या एकेकाळच्या न्हाव्यानं १७७१ साली क्रॉमफर्डला सूतगिरणी काढली. दिवसरात्र बारा-बारा तासांच्या पाळ्या चालत आणि कामाला लहान मुलंही असत. तेव्हा या रम्य दरीत यंत्रांची घरघर थांबत नव्हती.

मी राहते त्या बेल्परमध्ये स्ट्रट या गिरणीमालकांनी कामगारांसाठी बांधलेल्या घरांत आजही लोक राहतात. देखणी घरं, पण जुन्या घराची खिडकी बदलायची तर आधी परवानगी काढा. डोंगरातल्या गावांत तर कितीतरी घरं सुट्टीवर येणाऱ्यांसाठी राखलेली. तिथं वाढलेल्या पोरांना घर परवडत नाही आणि संध्याकाळनंतर बस मिळत नाही. पोटासाठी डर्बी गाठावी लागते. तिथं आजही रेल्वेगाड्या आणि विमानांची इंजिनं बनतात.

इथं डोंगर फिरण्याचा हक्कसुद्धा कष्टकऱ्यांनी भांडून मिळवला. किंडर स्काउटचं पठार जमीनदारांनी शिकारीसाठी अडवून ठेवलं होतं. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर-शेफिल्डकडचे तरुण कामगार मनाई मोडून वर चढले. पाच जणांना तुरुंगात जावं लागलं. १९५१ मध्ये ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं ते याच डोंगराळ भागात, पीक डिस्ट्रिक्टमध्ये, आणि त्याचं श्रेय त्या पोरांनाही आहे.

क्रॉमफर्ड-बेल्परच्या या डर्वेंट खोऱ्यातल्या गिरण्या २००१ पासून जागतिक वारसा आहेत. गिरण्या आपल्याकडेही होत्या. मुंबईत कावसजी दावरांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. पुढे सबंध गिरणगाव उभं राहिलं. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आले, टॉवर आले. राबणाऱ्यांची आठवण सांगणाऱ्या वास्तू मात्र आपण फारशा ठेवल्या नाहीत. इथले, डर्बीशरचे मालक फार दयाळू होते असं नाही, पण त्यांच्या गिरण्या इथल्या लोकांनी पाडून टाकल्या नाहीत, एवढं खरं.

तेव्हा डर्बीशरला याल तर चॅट्सवर्थ जरूर बघा. पण त्याआधी डर्बीहून मॅटलॉककडे जाणाऱ्या गाडीनं क्रॉमफर्डला उतरा आणि गिरणी बघून घ्या.