अस्थींना नाव देणारे रक्त

११ जुलै २०२५ रोजी स्रेब्रेनित्सा हत्याकांडाला तीस वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी बोस्नियातील पोतोचारीच्या दफनभूमीत नव्याने ओळख पटलेल्या सात जणांचे दफन झाले. तीस वर्षांनंतरही हे दफनविधी संपलेले नाहीत, याचे कारण मारेकऱ्यांच्या दुसऱ्या गुन्ह्यात आहे.

जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब फौजांनी आठ हजारांच्या आसपास मुस्लिम पुरुष व मुलगे ठार करून सामूहिक खड्ड्यांत पुरले. पुढे पुरावा लपवण्यासाठी तेच खड्डे यंत्रांनी उकरले आणि प्रेते दूरवर नेऊन पुन्हा पुरली. या उलथापालथीत सांगाडे विखुरले. एकाच माणसाच्या अस्थी कित्येक किलोमीटर अंतरावरच्या निरनिराळ्या खड्ड्यांत सापडू लागल्या. कपडे, खिशातले कागद या जुन्या खुणांवर ओळख पटली ती मोजक्यांचीच.

१९९६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बेपत्ता व्यक्ती आयोगाने २००१ पासून डीएनएचा मार्ग मोठ्या प्रमाणावर अवलंबिला. हयात नातलगांच्या रक्ताचे हजारो नमुने गोळा केले. दात किंवा मांडीचे हाड यांतून मिळालेला डीएनए त्यांच्याशी ताडून पाहिला. नमुन्यांवर नाव नव्हे, बारकोड असे. त्यामुळे हाड कोणत्या वंशाचे, हे प्रयोगशाळेला ठाऊक नसे. सर्बांनी नाकारलेल्या आकड्यांना त्यामुळेच न्यायालयात वजन आले. स्रेब्रेनित्सातील साडेसहा हजारांहून अधिक बळींची ओळख आज पटलेली आहे.

तथापि अहवालाने घरच्यांचा पेच सुटतोच असे नाही. हाती आलेली दोनचार हाडे दफन करावीत, की उरलेली सापडेपर्यंत थांबावे? पुरल्यानंतर आणखी अस्थी सापडल्याने कबरी पुन्हा उघडाव्या लागल्याची उदाहरणे आहेत. हा निर्णय कोणतीही प्रयोगशाळा घेऊ शकत नाही.

आणि नातलगच उरले नसतील तर? पंजाबात अजनाला येथील विहिरीतून २०१४ मध्ये मोठ्या संख्येने सांगाडे निघाले. ते १८५७ च्या शिपायांचे की फाळणीच्या बळींचे, असा वाद होता. हैदराबादच्या सीसीएमबीसह काही संस्थांच्या शास्त्रज्ञांनी दातांचा अभ्यास केला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार ही माणसे गंगेच्या खोऱ्यातली होती. शिपायांच्या बाजूने कौल मिळाला, पण नाव एकालाही मिळाले नाही. ताडून पाहायला दुसरे रक्तच नव्हते. तेथे डीएनएने प्रदेश सांगितला, माणूस नाही.

बोस्नियातही तीच वेळ जवळ येते आहे. स्रेब्रेनित्सातील सुमारे हजार जण अद्याप बेपत्ता आहेत. शवागारांत अशा अस्थी आहेत, ज्यांचा डीएनए मिळाला पण जुळणारा नातलग मिळाला नाही. वाट पाहणाऱ्या माता आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांचे नमुने जपलेले आहेत, पण ज्या घरातून कोणी रक्त दिलेच नाही, तिथल्या अस्थींवर अजून क्रमांकच आहे.