मुद्दे शिकायला कुणाच्या घरी जायचे?

कर्नाटकातल्या रागी मुद्द्याची, म्हणजे नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यांची, कृती चार ओळींत संपते. मिठाच्या पाण्यात चमचाभर नाचणीचे पीठ कालवून उकळी आणायची, उरलेले पीठ मधोमध ढिगासारखे ओतायचे, न ढवळता झाकण ठेवून वाफ धरू द्यायची, मग लाकडी दांड्याने घोटून ओल्या हाताने गोळे वळायचे. एवढ्या भांडवलावर नवशिक्याच्या पातेल्यात एक तर गुठळ्या होतात, नाही तर खळ. शिकण्याजोगे जे आहे ते या चार ओळींच्या बाहेर राहते. झाकणाखालच्या वाफेतून कच्च्या पिठाचा वास कधी गेला, हे नाकाला कळावे लागते. घोटताना दांडा कधी जड झाला, हे मनगटाला. शेवटची परीक्षा बोटाची: ओले बोट गोळ्याला लावायचे, पीठ चिकटले तर अजून कच्चे. हे दाखवायला शेजारी माणूस उभे असावे लागते. म्हणून बेंगळुरूत येऊन राहणाऱ्यांनी इथल्या घरांत जाऊन, रीतसर फी देऊन स्वयंपाक शिकावा, आणि शिकवणारीला ‘हौशी गृहिणी’ न म्हणता शिक्षिका म्हणावे, असे माझे म्हणणे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आता मोबाइलवर सगळे दिसते. मोबाइल तर आत्ताचा. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७० पासून वाटी-चमच्याच्या मापांवर कितीतरी सुनांना आणि एकट्या राहणाऱ्या मुलांना स्वयंपाकाला लावले, तेही सासूच्या टोमण्यांशिवाय. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ‘रुचिरा’ कुणाच्या हातात पडली तेही पाहावे. आमटी, भरली वांगी, पुरणपोळी लहानपणापासून खाल्लेल्यांच्या. पदार्थ कुठवर न्यायचा हे त्यांच्या जिभेला आधीच ठाऊक होते, पुस्तकाने वाट तेवढी दाखवली. जो बस्सारू, म्हणजे इथले पालेभाजी-कडधान्याचे सार, कधी कुणाच्या घरी बसून जेवलेलाच नाही, त्याच्या हाती मापे देऊन काय होणार? भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून शिकले. स्वरलिपीची पुस्तके तेव्हाही छापून तयार होती. गाण्याच्या बाबतीत ही गोष्ट आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. फोडणीच्या बाबतीत लागते, बहुधा घरोघरी फोडणी बायका देतात म्हणून.

आणि बेंगळुरूच का? २०११ च्या जनगणनेत बेंगळुरू शहर जिल्ह्यात कन्नड ही मातृभाषा सांगणारे निम्म्याहून कमी होते. बाहेरून आलेल्यांच्या या शहरात मराठी माणूस दहा-दहा वर्षे राहतो, पण इथल्या जेवणाशी त्याची ओळख दर्शिनीतल्या, म्हणजे उभ्याने खायच्या उपाहारगृहातल्या, इडली-वड्यापुढे सरकत नाही. दर्शिनी उत्तमच, कॉफी त्याहून उत्तम. मात्र घरात शिजते ते वेगळे, आणि गंमत म्हणजे ते आपल्या अधिक जवळचे. अवरेकाई म्हणजे वालाच्या कुळातला आपला पावटाच. थंडीत त्याच्या शेंगांचे ढीग बाजारात येतात, अवरेबेळे मेळ्याला झुंबड उडते. ओले दाणे रात्रभर भिजवून चिमटीत दाबले की साल बोटांत राहते आणि दाणा सुटकन बाहेर उडतो. ही हितकिद बेळे, म्हणजे दाबून काढलेली डाळ. कोकणात सुके वाल भिजवून, मोड आणून, असेच चिमटीत सोलून बिरडे करतात. कूळ एक, चिमटीही तीच. फरक एवढाच की बिरड्याचा जीव मोडात असतो, तर इथे ओल्या शेंगेचा उग्र वास, ज्याला कन्नडमध्ये सोगडू म्हणतात, तो सांभाळायचा असतो. बस्सारूचेही तसेच. पालेभाजी आणि कडधान्य एकत्र शिजवून पाणी निथळून घ्यायचे. पाण्याचे सारू, खाली उरलेल्याची परतून भाजी. पुरणाचा कट काढून आमटी करणाऱ्या घराला यातले तत्त्व नवे नाही, प्रमाण तेवढे नवे आहे. या शहराच्या नावाची दंतकथासुद्धा स्वयंपाकघरातली: वाट चुकलेल्या होयसळ राजाला, वीर बल्लाळाला, एका म्हातारीने उकडलेले दाणे खाऊ घातले, म्हणून गाव ‘बेंदकाळूरू’. बेगूरचा सुमारे ८९० सालचा शिलालेख बल्लाळाच्या जवळजवळ तीनशे वर्षे आधीच ‘बेंगळूरू’ हे नाव घेतो, तेव्हा कथा खोटी. पण गावाने स्वतःविषयी रचली ती अनोळखी माणसाला घरात घेऊन जेवू घातल्याची.

दुसरा आक्षेप जड आहे. पैसे आले की स्वयंपाकघराचे प्रदर्शन होते, असे म्हणतात, आणि त्यासाठी बालीचे उदाहरण देता येईल. तिथे उबुदच्या आसपास अनेक कुटुंबे पर्यटकांना घरी बोलावून स्वयंपाक शिकवतात. सकाळी बाजार, मग हळद, आले, गलांगल, लसूण, मिरच्या आणि छोटे कांदे घालून केलेले ‘बासा गेनेप’ हे मूळ वाटण, दुपारी जेवण. काड्यांवर भाजलेले साते आणि शेंगदाण्याची चटणी त्यात सहसा असते. समारंभाच्या दिवशी पुरुषमंडळी पहाटे जमून, सुऱ्या घेऊन, मांस चिरून-कुटून करतात ते लावार, त्यातही रक्त मिसळलेले, ते पाहुण्यांच्या यादीत क्वचितच सापडते. पाहुण्याला रुचेल तेवढीच परंपरा शिल्लक राहण्याचे भय खोटे नाही. पण यात मला दोष फीपेक्षा अर्ध्या दिवसाचा दिसतो. पर्यटक उद्या विमानात बसणार असतो, म्हणून त्याला त्याच्या सोयीचे शिकवले जाते. बेंगळुरूतला शिकणारा त्याच गल्लीत भाड्याने राहतो. उन्हाळ्यातले सारू आणि जानेवारीतले सारू वेगळे का, हे विचारायला तो परत येऊ शकतो. शिकवणी हंगामाच्या हिशेबाने ठरवावी, तासाच्या नव्हे.

तिसऱ्या आक्षेपाला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. ‘इथले घर’ म्हणजे कुणाचे घर? खोली दाखवण्याआधी ‘व्हेज की नॉनव्हेज’ विचारणारे घरमालक या शहरात कमी नाहीत. अशा ठिकाणी घरगुती शिकवणीची यादी काढली तर ती मल्लेश्वरम आणि बसवनगुडीच्या सोवळ्या ओट्यांपाशीच थांबण्याची शक्यता दाट. मग मुद्द्यासोबतचे नाटी कोळी सारू, म्हणजे गावठी कोंबडीचा रस्सा, शिकवणार कोण? आपल्याकडेही पाककृतींच्या पुस्तकांनी हेच केले. मराठवाड्यातल्या दलितांच्या ताटाविषयी शाहू पाटोळ्यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ यायला २०१५ साल उजाडावे लागले. तरीही फीचा एक गुण मानावा लागतो. आमंत्रण ओळखीने मिळते आणि ओळखी बहुतेक जातीतल्याच असतात. फी भरून कुणी कुणाकडेही जाऊ शकतो, निदान जायला तोंड असते. त्यातूनही दार उघडेलच असे नाही. उघडले तर मात्र ते उपकार म्हणून उघडलेले नसेल.

राहिला प्रश्न ‘अन्न शिकवायचे कसले पैसे घ्यायचे’ या संकोचाचा. केंद्राच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो असे आढळले, आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. संकोच नेमका त्या २९९ मिनिटांच्या वाट्याला यावा, हा योगायोग नाही. गिरणगावात खाणावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले आणि बँकेच्या दारापर्यंत नेले, तेव्हा घरच्या चुलीवरच्या रांधण्याला धंदा म्हणावे लागले. त्या बायका ताट विकत होत्या. इथे तर विकायचे आहे ते ताटामागचे कसब, आणि ते विकल्याने घरातले कमी होत नाही. हितकिद बेळ्याची शिकवणी घेणाऱ्याचा पहिला धडा बहुधा सोलण्याचाच असेल: समोर दोघांत एक परात, मांडीवर ताटली, आणि अंगठा हुळहुळेपर्यंत तास-दोन तास चिमटी. या वेळात कन्नडचे पाच-सहा शब्द कानावर पडतील, कुणाची तरी चौकशी होईल, गॅस अजून पेटलेलाही नसेल. फी ठरवताना हे दोन तासही धरावेत.