पातेले एक, पंगत एक

डिसेंबर उजाडला की आपल्याकडे हल्ली दोन प्रश्न हमखास निघतात. पहिला मोठ्याने: यंदा एकतीस तारखेला जमायचे कुणाकडे? दुसरा जरा आवाज उतरवून: 'सोय' आहे ना? या 'सोय' शब्दाला आपण मराठी माणसांनी जो अर्थ बहाल केला आहे तो कोणत्याही शब्दकोशात सापडायचा नाही. पण तो कळत नाही असा माणूसही सापडायचा नाही.

'सोय' असली की पुढचे चित्र ठरलेले. गच्चीच्या एका कोपऱ्यात बाटली आणि तिच्याभोवती पुरुषमंडळी. दुसऱ्या कोपऱ्यात बायका, त्यातल्या निम्म्या खाली स्वयंपाकघरात भजी तळण्यात गुंतलेल्या. मुलांच्या हाती रंगीत गार पेयांच्या बाटल्या देऊन त्यांना टीव्हीपुढे बसवलेले. आजी-आजोबा नऊ वाजताच जेवून आपल्या खोलीत. घर एक, निमित्त एक आणि मेळावे चार! या चौघांच्या मधे अडकलेला एक बिचारा असतो, तो म्हणजे न पिणारा पुरुष. 'का रे, औषध चालू आहे का?', 'वहिनींना विचारून येऊ का?', 'अरे, एकाने काय होते?' या प्रश्नांची उत्तरे देता देता त्याचे नवे वर्ष उजाडते. आणि एखाद्या बाईला घोटभर घ्यावेसे वाटलेच, तर तिला तोंड उघडायची चोरी.

मी काही दारूबंदीचा प्रचारक नव्हे. ज्याला कायद्याने मुभा आहे आणि ज्याला आपले प्रमाण कळते, त्याने काय प्यावे हे सांगणारा मी कोण? माझी तक्रार वेगळी आहे. सणासुदीला माणसे बोलावायची ती एकत्र बसावीत म्हणून. त्यांची वाटणी करणारे पेय मग ते कितीही महागाचे असो, यजमान म्हणून आपण कुठेतरी कमी पडलो असे मला वाटते. म्हणून माझा साधा प्रस्ताव आहे. यंदा मसाल्याची कॉफी करा. सगळ्यांसमोर करा, एकाच पातेल्यात करा. आणि ज्याला तिच्यात चमचा-दोन चमचे काही घालायचे असेल त्याने ते आपल्या कपात घालावे.

जागरणाचे पेय

'कॉफी ही का सणाची गोष्ट?' असे कुणी विचारील. पण कॉफीचा इतिहासच मुळी जागरणाचा आहे. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी साधक रात्रीच्या नामस्मरणात डुलकी लागू नये म्हणून ती पीत असत. तिथूनच ती मक्का, कैरो, इस्तंबूल अशी पसरली. आपल्याकडे सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सूफी संताने येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी कथा आहे. त्या डोंगराला आजही बाबा बुदनगिरी म्हणतात. कोजागरीला लक्ष्मी 'को जागर्ति?' असे विचारीत फिरते म्हणे. येमेनच्या सूफींनी आणि आपल्या आज्या-पणज्यांनी या प्रश्नाची तयारी आपापल्या परीने केलेली दिसते.

आणि मराठी घराने तर कॉफीला आपले स्वतःचे वळण दिले. दक्षिणेत कॉफी म्हणजे फिल्टरचा दाट काढा आणि फेसाळ दूध. तिथला रसिक कॉफीत मसाला घालणाऱ्याकडे जरा दयेनेच पाहतो. आपल्याकडे मात्र कॉफी म्हटली की जायफळ आणि वेलदोडा आलेच. चहा रोजचा, कॉफी निमित्ताची. गाण्याच्या बैठकीत मध्यंतराला कॉफी, लग्नघरात रात्री रुखवताची मांडामांड करणाऱ्यांना कॉफी, कीर्तनानंतर बुवांना कॉफी. पोल्सन हे नाव पुढे लोण्यामुळे घरोघरी गेले. पण त्या मुंबईकर पारशी व्यवसायाची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉफी दळण्यापासून झाली होती. तेव्हा कॉफी ही आपल्याकडे कालपरवा काचेच्या दुकानांतून आली, असे समजण्याचे कारण नाही.

त्यातल्या जायफळाची गंमत पाहा. कॉफी जागवते आणि जायफळ निजवते, अशी आपली घरगुती समजूत. म्हणूनच तर ते बाळगुटीत उगाळतात. एकीने दुसऱ्याला सांभाळून घ्यावे, असा हा संसार! हे जायफळ एके काळी जगात फक्त इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर होत असे. त्याच्यासाठी डच आणि इंग्रज इतके भांडले की, १६६७ साली ब्रेडाच्या तहात डचांनी त्यातले रन नावाचे चिमुकले बेट स्वतःकडे ठेवले आणि अमेरिकेतल्या मॅनहॅटनवरचा दावा इंग्रजांना सोडून दिला. आज तेच जायफळ आपल्या कोकणात नारळी-पोफळीच्या सावलीत पिकते आणि आपल्या डब्यात पडून असते.

'एकतीस डिसेंबर आपला सणच नव्हे', असे म्हणणाऱ्यांनाही मला हेच सांगायचे आहे. कॉफी येमेनची, जायफळ बांदाचे, दालचिनी श्रीलंकेची. आपण त्यांना घरात घेतले आणि ती आपली झाली. माणसांना एकत्र येण्याचे आणखी एक निमित्त मिळत असेल, तर त्याचा जन्मदाखला कशाला मागायचा?

न्यू ऑर्लिन्सची आग, आयर्लंडची साय

कॉफीत मसाला आणि मद्य घालून सणाचे पेय करण्याची रीत पाश्चात्त्यांकडेही आहे. त्यात मला सर्वांत मोह पडतो तो अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरातल्या 'काफे ब्रुलो'चा. 'ब्रुलो' म्हणजे जाळलेली. तिथले आंत्वान हे १८४० पासूनचे उपाहारगृह या कॉफीसाठी प्रसिद्ध आहे. दिवे मंद करतात. एका रुंद भांड्यात ब्रँडी, दालचिनी, लवंगा, साखर आणि लिंबाची साल घालून ती पेटवतात. संत्र्याची साल एका लांब फितीसारखी सोलून तिच्यात लवंगा टोचतात आणि निळी ज्योत असलेली ब्रँडी पळीने त्या फितीवरून खाली सोडतात. मग वर काळी कॉफी ओतून ज्वाळा विझवायची आणि लहान लहान पेल्यांतून ती वाटायची. चव तर आहेच. पण खरी मौज अशी, की हे सारे पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत चालते. करणारा आत आणि पिणारे बाहेर, अशी विभागणी तिथे नाही.

दुसरी आयरिश कॉफी. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर फॉइन्स येथे पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा तळ होता. १९४३ च्या हिवाळ्यात अमेरिकेकडे निघालेले एक विमान वादळामुळे परत फिरले. गारठलेल्या, वैतागलेल्या उतारूंसाठी तिथला आचारी जो शेरिडन याने गरम कॉफीत साखर आणि आयरिश व्हिस्की घालून वर सायीचा थर तरंगत ठेवला, अशी तिची जन्मकथा सांगतात. हे पेय बढाईतून जन्मले नाही. दमलेल्या परक्या माणसाला ऊब द्यावी, एवढ्या साध्या इच्छेतून ते आले. आपल्या 'सोयी'त हीच नेमकी गोष्ट हरवते.

तीन टप्प्यांची कॉफी

या दोघांचे गुण घेऊन, जायफळाच्या कॉफीचा आपला पाया ठेवून, बारा जणांसाठी काय करता येईल ते सांगतो.

शेगडी स्वयंपाकघरातून बाहेर आणा, ही पहिली अट. दिवाणखान्यात ठेवा, गच्चीवर ठेवा. पण सगळ्यांना दिसेल अशी ठेवा आणि एरवी बाटलीपाशी बसणाऱ्याच्या हाती डाव द्या. ढवळू दे त्याला!

पाऊण लिटर पाणी उकळून उतरवा. त्यात साठ ग्रॅमच्या आसपास कॉफीची पूड आणि एका नागपुरी संत्र्याची साल घाला. संत्री डिसेंबरात बाजारात असतातच. साल मात्र वरवरची, केशरी तेवढीच घ्यावी. आतला पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. झाकण ठेवून पाच मिनिटांनी गाळून घ्या. कॉफी उकळत ठेवू नये, तिचा सुगंध उडतो आणि कडूपणा उरतो.

दुसरीकडे मोठ्या पातेल्यात सव्वा लिटर दूध मंद आचेवर ठेवा. त्यात दोन बोटे दालचिनी, चार लवंगा, ठेचलेले सात-आठ वेलदोडे, केशराच्या काही काड्या आणि आठेक मोठे चमचे साखर. दूध थोडे आटू द्या. विस्तवावरून उतरल्यावर जायफळ ताजे किसून घाला, बारा जणांत मिळून अर्धा चहाचा चमचा पुरे. जायफळ जास्त झाले तर चव औषधी होते, आणि फारच झाले तर डोके गरगरते.

हा पहिला टप्पा. इथेच मुलांचे पेले भरा. त्यांच्या वाट्याला मसाल्याचे दूध आले, तेही मोठ्यांच्याच पातेल्यातले. आजी-आजोबांना झोपेची काळजी असेल तर त्यांचाही पेला इथेच भरावा.

दुसरा टप्पा: गाळलेली कॉफी, पुन्हा गरम लागली तर नुसती तापवून, दुधात ओता. पातेल्याभोवती एव्हाना माणसे जमलेली असतात, कारण असा वास सुटल्यावर गच्चीच्या कोपऱ्यात उभे राहणे कुणालाच जमत नाही. सर्वांचे कप भरा. कुणी घेतो, कुणी घेत नाही, हा विषयच इथे निघत नाही. कप सगळ्यांचे सारखे दिसतात, आणि मला ही या कॉफीची सर्वांत मोठी खुबी वाटते.

तिसरा टप्पा हवा त्यांच्यासाठी. या कॉफीशी रम उत्तम जमते, ब्रँडीही चालते. अनेक सोवळ्या घरांत सर्दीच्या औषधासाठी म्हणून ब्रँडीची बाटली कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतेच, तिला या निमित्ताने उजेड दिसेल. प्रमाण कपाला एक ते दोन मोठे चमचे, म्हणजे पंधरा ते तीस मिलिलिटर. ते पातेल्यात कधीही घालू नये, ज्याच्या त्याच्या कपात आणि मोजूनच घालावे.

दोन गैरसमज

तिसऱ्या टप्प्याबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. एक म्हणजे, ब्रँडी पेटवली की दारू जळून जाते, ही समजूत चुकीची आहे. नुसत्या ज्वाळेने मद्यार्क थोडाच कमी होतो. सुमारे तीन चतुर्थांश तसाच राहतो. तेव्हा 'काही नाही हो, जळाली सगळी' असे म्हणून न पिणाऱ्याच्या हाती असा कप देणे ही फसवणूक झाली. कुणी धर्मामुळे घेत नसेल, कुणी यकृताच्या आजारामुळे, कुणी मोठ्या कष्टाने व्यसन सोडले असेल. कारण विचारायचा आपल्याला अधिकार नाही. कपात काय आहे ते सांगायचे कर्तव्य मात्र आहे.

दुसरी समजूत त्याहून घातक आहे: कॉफी प्यायली की उतरते. मुळीच उतरत नाही. यकृत आपल्या गतीनेच मद्याचा निचरा करते, कॉफीने ती गती वाढत नाही. कॅफीन फक्त पेंग घालवते, आणि माणसाला आपण शुद्धीवर आहोत असा भास होतो. जागा झालेला मद्यपी, एवढाच त्याचा अर्थ. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० साली कॅफीन घातलेली मद्ये विकणाऱ्या चार कंपन्यांना इशारा दिला होता, तो याच धोक्यामुळे. आपल्या कायद्याने गाडी चालवणाऱ्याच्या शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर तो गुन्हा आहे. तेव्हा ज्याला गाडी चालवत घरी जायचे आहे त्याने दुसऱ्याच टप्प्यावर थांबावे. त्याला तसे थांबवणे हे यजमानाचे काम आहे, भले तो चार दिवस रुसला तरी.

कुणी म्हणेल, एवढ्याशा कॉफीने का घरे जोडली जातात? नाही जोडली जात. पण माणसे कुठे बसतात आणि कुणाशेजारी बसतात, हे बऱ्याचदा पेयावरून ठरते. बाटली आपल्याभोवती फक्त आपली माणसे जमवते. पातेल्याचे तसे नसते, त्याच्याभोवती जो येईल त्याला पळीभर मिळते. आपल्या पंगतीत वाढपी जसा 'आपल्याला काय चालते?' असे अदबीने विचारतो आणि नको म्हटले की पुढे सरकतो, तेवढी अदब पेयांच्या बाबतीतही आली तरी पुष्कळ झाले.

तेव्हा यंदा पाहुणे सांगताना त्यांना आजी-आजोबांनाही घेऊन यायला सांगा. संत्री आदल्या दिवशी आणा, जायफळ मात्र ऐन वेळीच किसा. आणि पातेले जरा मोठेच काढा. शेजारच्यांनाही वास जाणार आहे.