यंत्र आपले केव्हा होते?

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही प्रामुख्याने नोकरदारांची गावे. लोकलगाड्यांच्या वेळापत्रकाशी येथील असंख्य घरांचा दिनक्रम जखडलेला असतो. महिन्याच्या पगारातून थोडेथोडे बाजूला टाकून अशा घरांत कधी शिवणयंत्र आले, कधी रेडिओ आला, कधी दूरदर्शनचा संच आला. अलीकडे त्याच मानाने लॅपटॉप येतो. खोके देवापुढे ठेवले जाते, त्याला हळदकुंकू वाहिले जाते, शेजारचे लोक येऊन पाहून जातात आणि दुकानदाराची पावती कपाटात जपून ठेवली जाते. त्या दिवसापासून घरातील मुले मोठ्या अभिमानाने म्हणू लागतात, ‘‘हा आमचा लॅपटॉप.’’ व्यवहाराच्या दृष्टीने हे म्हणणे खरेच आहे. पैसे मोजले म्हणजे वस्तू मालकीची होते. परंतु तेवढ्याने ती खऱ्या अर्थाने आपली होते काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास खोक्यापासूनच प्रारंभ केला पाहिजे. नवी वस्तू पाहण्याच्या घाईत खोके फाडून टाकले जाते. वस्तुतः पहिला धडा त्यावरच छापलेला असतो. वस्तू कोणत्या देशात, कोणत्या महिन्यात व वर्षी तयार झाली, ती कोणी आयात केली, आणि सर्व करांसह तिची कमाल किंमत किती, हे त्यावर छापणे आपल्या देशात कायद्याने बंधनकारक आहे. लॅपटॉपच्या खोक्यावर पुष्कळदा चीनचे नाव असते. परंतु तो बहुधा केवळ जुळणीचा देश होय. या यंत्राचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याची आखणी अनेकदा अमेरिकेत होते आणि घडण तैवानमध्ये. त्यावरील डोळ्यांना न दिसणाऱ्या रेषा ज्या यंत्रांनी उमटवतात, त्यांतील सर्वांत प्रगत यंत्रे नेदरलँड्समध्ये तयार होतात. स्मृतीच्या चकत्यांचे मोठे कारखाने दक्षिण कोरियात आहेत, तर बॅटरीतील लिथियम ऑस्ट्रेलियाच्या किंवा चिलीच्या भूमीतून निघालेले असू शकते. अशी ही वस्तू विमानाने मुंबईत किंवा जहाजाने न्हावा-शेव्याच्या बंदरात उतरते आणि भिवंडी परिसरातील एखाद्या गोदामातून आपल्या दारी येते. मुलाच्या मांडीवर मावणाऱ्या त्या लहानशा पेटीत निम्म्या जगाचे श्रम एकवटलेले असतात.

अशा वस्तूविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. काही लोक म्हणतात, ‘‘परदेशी वस्तू घेऊच नये, आपला पैसा परमुलखात का दवडावा?’’ या म्हणण्यामागील स्वाभिमान आदरणीय आहे. परंतु जी वस्तू सबंधपणे कोणताही एक देश तयार करीत नाही, ती अगदी आपल्याच देशात तयार होईपर्यंत थांबावे, असे शिकणाऱ्या मुलाला सांगणे म्हणजे त्याच्या शिक्षणाची वर्षे वाया घालवणे होय. दुसरे लोक म्हणतात, ‘‘पैसे दिले, वस्तू आणली, बटण दाबले की काम झाले. ती कशी चालते, याची उठाठेव कशाला?’’ हे मत पहिल्याहून अधिक घातक आहे. कारण ते माणसाला कायमचे गिऱ्हाईक करून ठेवते. ज्याला स्वतःचे यंत्र कळत नाही, तो प्रत्येक लहानसहान अडचणीसाठी दुसऱ्याच्या दारात उभा राहतो.

या दोहोंहून वेगळा असा एक मार्ग आहे, आणि तो याच भूमीच्या इतिहासाने दाखवून दिला आहे. १६५७ च्या अखेरीस कल्याण व भिवंडी ही ठाणी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि तेथील खाडीवर स्वराज्याची जहाजे बांधण्यास प्रारंभ झाला. जहाजबांधणीची युरोपीय विद्या जाणणारे पोर्तुगीज कारागीर महाराजांनी प्रारंभी या कामावर ठेवले होते. पुढे ते काम सोडून गेले. परंतु आरमाराचे काम थांबले नाही. परक्याकडून विद्या घेण्यात महाराजांना कमीपणा वाटला नाही आणि परका निघून गेल्यावर हात जोडून बसणेही त्यांना मानवले नाही.

पुढे दोनशे वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली. ती ओढणारी साहेब, सिंध आणि सुलतान ही तिन्ही इंजिने इंग्लंडमध्ये तयार झालेली होती. दुसऱ्याच वर्षी, १८५४ च्या मे महिन्यात, रूळ कल्याणपर्यंत पोहोचले. त्या काळी आगगाडीत बसणे एवढेच आपल्या लोकांच्या हाती होते. परंतु १८९५ साली अजमेरच्या कारखान्यात भारतात घडवलेले पहिले इंजिन बाहेर पडले आणि १९५० साली चित्तरंजन येथे स्वतंत्र भारताच्या स्वतःच्या कारखान्यात इंजिने तयार होऊ लागली. १८५३ आणि १८९५ यांमध्ये बेचाळीस वर्षांचे अंतर आहे. या बेचाळीस वर्षांत काय घडले? रेल्वेच्या कारखान्यांतून हजारो कामगार परदेशी यंत्रे उघडत होते, पुसत होते, झिजलेले भाग बदलत होते. कंपन्या परक्यांच्या होत्या. हात मात्र येथील होते. त्या हातांनी जे आत्मसात केले, ते कोणालाही परत नेता आले नाही.

मराठी अक्षरांची कथाही अशीच बोधप्रद आहे. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता. तेथील काम पाहून गणपत कृष्णाजी या गृहस्थांनी स्वतःचे मुद्रणयंत्र तयार केले, शाईही स्वतः बनवली आणि मराठी पंचांग छापून लोकांच्या हाती दिले. नंतर जावजी दादाजी यांनी निर्णयसागर छापखाना काढून देवनागरी टंकाला असे रूप दिले, की त्याची कीर्ती देशभर झाली. यंत्राची कल्पना परदेशी होती. पण तिच्यातून उमटलेले अक्षर आपले होते.

संगणकाच्या बाबतीतही आपल्या देशाने याच क्रमाने पावले टाकली. १९५५-५६ च्या सुमारास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून आणलेला संगणक बसवण्यात आला. लवकरच, १९६० साली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी स्वतः आखून घडवलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक काम करू लागला. पुढे महासंगणक परदेशातून मिळण्यात अडथळे आले, तेव्हा पुण्यात १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे ‘सी-डॅक’ स्थापन झाले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला. या सर्व उदाहरणांचे तात्पर्य एकच : यंत्र प्रथम परके असते, त्यावर आपले ज्ञान, आपली भाषा आणि आपले श्रम खर्ची पडले, की ते आपले होते.

हे मोठ्या संस्थांचे झाले. डोंबिवलीतील एखाद्या दोन खोल्यांच्या घरात हे कसे घडावे? तेथील साधन एकच : पहिल्या दिवशी यंत्र लावताना विचारले जाणारे प्रश्न समजून घेणे. लॅपटॉपची वायर विजेच्या खोबणीत घालण्यापूर्वी तिच्या चार्जरवरील बारीक अक्षरे वाचावीत. आपल्या घरातील वीज सुमारे २३० व्होल्टची असते, तर अमेरिकेतील १२० व्होल्टची. बहुतेक चार्जरांवर ‘१०० ते २४०’ असे आकडे असतात; म्हणजे तो दोन्ही ठिकाणी चालतो. परंतु अमेरिकेतील प्लगाच्या चपट्या पट्ट्या आपल्या गोल भोकांत बसत नाहीत. परदेशातील मामाने आणलेल्या लॅपटॉपवर बहुधा रुपयाचे चिन्हही नसते, आणि तो बिघडल्यास येथे मोफत दुरुस्ती मिळेलच असे नाही. खरेदीपूर्वी एवढी चौकशी करणाऱ्या मुलाला भौतिकशास्त्र, भूगोल आणि व्यवहार असे तीन विषय एकाच वेळी कळतात.

यंत्र सुरू झाले की ते विचारते, ‘‘तुमची भाषा कोणती?’’ दुर्दैवाने पुष्कळ मराठी घरांतून या प्रश्नाचे उत्तर विचार न करताच ‘इंग्रजी’ असे दिले जाते. वास्तविक विंडोजसारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत मराठी उपलब्ध आहे. पहिल्या यादीत ती दिसली नाही, तर नंतर सेटिंगमध्ये जाऊन जोडता येते. मराठी लिहिण्याची सोयही यंत्रात आधीपासूनच असते. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने ‘इनस्क्रिप्ट’ नावाची कळरचना ठरवून दिली. तिच्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने असतात. ‘क’ दाबावा, मग पाय मोडण्याचे चिन्ह, मग ‘ष’. यंत्र आपोआप ‘क्ष’ लिहिते. अनेक भारतीय लिपींसाठी हीच रचना असल्यामुळे जो मुलगा मराठी लिहावयास शिकतो, त्याची बोटे गुजराती आणि बंगाली लिहिण्यासही तयार होतात.

यंत्राला मुळात अक्षर कळत नाही. त्याला केवळ आकडे कळतात. म्हणून ‘युनिकोड’ या जागतिक व्यवस्थेत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला आहे. आपल्या ‘क’ चा क्रमांक २३२५. ‘ॲ’ या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळण्यास २००८ साल उजाडावे लागले. तोपर्यंत ‘ॲ’ अन्य चिन्हांच्या जोडणीने लिहावा लागत असे. एका अक्षराला जागा मिळावी म्हणूनही कोणाला तरी जागरूक राहावे लागते. जी भाषा यंत्रावर कोणी लिहीतच नाही, तिच्यासाठी जागरूक राहणार कोण? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय झाला, याचा सर्वांना आनंद झाला. पण दर्जा शासन देते. वापर मात्र घराघरांतून व्हावा लागतो.

यावर कोणी म्हणेल, ‘‘पुढे इंग्रजीतच शिकावयाचे, नोकरीही इंग्रजीतच करावयाची, मग मराठीचा आग्रह का?’’ शंका रास्त आहे. इंग्रजी अवश्य शिकावी, उत्तम शिकावी. परंतु एकाच यंत्रात दोन भाषा सुखाने नांदू शकतात. एक घेण्यासाठी दुसरी टाकावी लागत नाही. शिवाय घरात केवळ शिकणारी मुलेच नसतात. ज्या आजीने काटकसरीने साठवलेले पैसे या खरेदीत घातले, तिला पडद्यावरील एक शब्दही वाचता येऊ नये, हे न्यायाचे नव्हे. नातवाने मराठी अक्षरे जुळवून दिली, तर तीच आजी परगावच्या बहिणीला स्वतः पत्र लिहील. त्या दिवशी ते यंत्र साऱ्या घराचे होईल.

भाषेनंतर येते संमती. पडद्यावर अटींची लांबलचक यादी येते आणि तिच्याखाली ‘मान्य आहे’ असे बटण असते. न वाचलेल्या कागदावर सही करू नये, असे आपले वडीलधारे सांगत आले. हे बटण म्हणजे सहीच होय. आपण कोठे आहोत हे यंत्राने कळवावे काय, आपल्या आवडीनिवडीनुसार जाहिराती दाखवाव्यात काय, असे प्रश्न तेथे येतात. त्यांना ‘नाही’ असे उत्तर देण्याचा अधिकार प्रत्येकाला असतो. २०२३ साली संसदेने केलेल्या व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यात, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यास पालकांची संमती हवी, असे तत्त्व घालून दिलेले आहे. म्हणून हे प्रश्न मुलांनी एकट्याने सोडवू नयेत. आईवडिलांना शेजारी बसवून, एकेक ओळ वाचून सोडवावेत. पालकांना इंग्रजी अवघड गेले, तर मुलांनी तिचा अर्थ मराठीत सांगावा. परवलीचा शब्द मात्र सोपा ठेवू नये आणि तो मित्रालाही सांगू नये.

शेवटी निगा आणि निरोप. कोकणच्या दमट हवेत व पावसाळ्यात यंत्र कोरडे ठेवावे, त्याची हवा जाण्याची भोके झाकू नयेत, आणि ते बिघडताच नवे घेण्याची घाई न करता प्रथम दुरुस्त करून पाहावे. अगदी निकामी झाल्यावरही ते कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. त्यातील शिशासारखी द्रव्ये जमीन व पाणी दूषित करतात. उलट तांबे आणि किंचित सोने पुन्हा वापरता येते. अशा वस्तूंच्या विल्हेवाटीसाठी २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून नोंदणीकृत केंद्रांकडे त्या देता येतात.

परदेशी यंत्र घरात आणणे हा अपराध नव्हे आणि पराक्रमही नव्हे. कल्याणच्या खाडीवर ज्यांनी परक्यांची विद्या आत्मसात केली आणि रेल्वेच्या कारखान्यांत ज्यांनी परकी इंजिने उघडून पाहिली, त्यांनी केवळ खरेदी केली नव्हती. त्यांनी अभ्यास केला होता. आज लॅपटॉप उघडून बसलेल्या ठाण्या-डोंबिवलीच्या मुलामुलींपुढे तोच अभ्यास उभा आहे. त्यातील पहिले पान अवघड नाही. यंत्र जेव्हा विचारील, ‘‘तुमची भाषा कोणती?’’ तेव्हा क्षणभर थांबावे, प्रश्न वाचावा आणि मगच उत्तर द्यावे.